शेपटीवर बसलेलं विमान

१

रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन लुमीर झापलेताल स्वयंपाकघरातल्या लाकडी बाकावर बसायचा, आणि बसायचा तो बरोब्बर मधोमध. त्याला कारण होतं. सुताराने बाकाचे पाय फार आत ठोकले होते. एका टोकाला एकटा माणूस बसला की दुसरं टोक वर उचललं जायचं आणि बसणारा थेट जमिनीवर. आजोबांच्या वेळचा बाक, पण तो दुरुस्त करायचं कोणी मनावर घेतलं नाही, कारण पाहुण्याची फजिती बघायला घरात सगळ्यांनाच आवडायचं. थोरला भाऊ बोहूश तर त्यात पटाईत. लहानग्या लुमीरला एका टोकाला बसवायचा, आपण दुसऱ्या टोकाला बसून निवांत पाव खायचा, आणि मध्येच डोळे मिचकावून विचारायचा, "उठू का रे?" लुमीर "नको, नको" म्हणेपर्यंत तो उठलेला असायचा.

आता घरात लुमीर एकटाच होता. कॉफी झाली की तो परसाच्या बाजूच्या खोलीत जाई. तिथे भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर विमानं. प्लॅस्टिकची, हातभर लांब, पण खरी वाटावीत अशी. लढाऊ, टेहळणीची, मालवाहू. कुणाच्या पंखावर तेल ओघळलेलं, कुणाच्या पोटावर चिखल उडालेला. कारखान्यात आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला हा माणूस निवृत्तीनंतर केसाएवढ्या कुंचल्याने काजळी रंगवायचा आणि आसपासच्या गावांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. स्वभावाने मात्र तुसडा. मॉडेल क्लबातले लोक म्हणत, लुमीरच्या विमानाला हात लावू नये आणि लुमीरच्या तोंडी लागू नये.

एक विमान मात्र त्याने कधीच केलं नव्हतं. दोन जेट इंजिनांचं रशियन बॉम्बर, ज्याला त्या काळी सगळे नुसतं 'अठ्ठावीस' म्हणायचे.

२

रविवारी थोरली बहीण ब्लाझेना बसने आली. बरोबर खसखस भरलेल्या गोड पावांचा, कोलाच्यांचा डबा, आणि डब्याबरोबर विषय.

"थडग्याच्या दगडवाल्याशी बोलले मी," बसता बसताच ती म्हणाली. "आईबाबांच्या नावाखाली जागा आहे. बोहूशचं नाव कोरून घेऊ. पितरांच्या दिवसाआधी होईल म्हणतोय."

"नाही."

"ऐकून तरी घे."

"पळपुट्याचं नाव माझ्या आईच्या दगडावर नको."

"तुझी एकट्याची आई होती का रे ती?"

"थडगं माझ्या नावावर आहे."

"मग जा की बरोबर घेऊन मेल्यावर!"

"तोच तर बेत आहे," लुमीर म्हणाला, आणि दोघंही नाइलाजाने हसली. पण हसून प्रश्न सुटत नाही.

बोहूश हवाई दलात मेकॅनिक होता. लुमीर शाळकरी पोर असताना, एका शरदात, पलटण एका विमानतळावरून दुसरीकडे हलत होती. त्या दिवशी एक अठ्ठावीस उडाल्या उडाल्या बिटाच्या शेतात कोसळलं आणि जळून खाक झालं. वैमानिक, दिशादर्शक आणि शेपटीतला तोफवाला, अशा तिघांच्या शवपेट्या निघाल्या. त्याच सकाळपासून मेकॅनिक बोहूश झापलेताल बेपत्ता होता. विमानात तिघांचीच नोंद, तेव्हा चौथा कुठे गेला? चामड्याचे कोट घातलेले गुप्त पोलिसांतले दोघं घरी आले आणि सांगून गेले की तुमचा मुलगा गोंधळाचा फायदा घेऊन सरहद्दीपलीकडे पळाला. आईला शाळेच्या स्वयंपाकघरातून काढून साखर कारखान्यात बीट धुवायला लावलं. पुढे लुमीरने विमानशाळेत अर्ज केला, तेव्हा समोरचा माणूस हसला. पळपुट्याच्या भावाच्या हातात विमान देऊ? सायकल चालव, म्हणाला. तेव्हापासून लुमीरने भावाचं नाव टाकलं. तो कॅनडात मजेत असेल, जाडा झाला असेल, असं तो मनात म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी त्याला तितकाच राग यायचा.

"इतकी विमानं केलीस," ब्लाझेना फळ्यांकडे बघत म्हणाली. "ते एक का केलं नाहीस? घाबरतोस."

"मी? प्लॅस्टिकला?"

"मग कर. त्याच नंबरचं कर." पर्समधून तिने एक जुना फोटो काढला. चंदेरी विमान, शेपटीखाली लोखंडी टेकू, आणि टेकूशेजारी शेपटीवर हात ठेवून हसणारा बोहूश. "नीट कर, तुझ्या पद्धतीने. एकेक गोष्ट तोलून मापून. झाल्यावरही तुला वाटलं की तो पळाला, तर दगडाचं नाव मी मरेपर्यंत काढणार नाही. आईची शपथ."

लुमीरने फोटो घेतला. बहिणीचं तोंड कायमचं बंद करायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

३

मॉडेलवाल्यांचं एक वेड असतं आणि बाहेरच्याला ते सांगून कळत नाही. विमानाच्या आतली बाजू ते जीव ओतून रंगवतात. आसनं, पट्टे, घड्याळांचे काटे. मग धडाचे दोन अर्धे चिकटवतात, आणि ते सगळं कायमचं अंधारात जातं. कोणी बघणार नसतं. पण आपल्याला ठाऊक असतं, एवढ्यावर ते समाधानी असतात.

लुमीरनेही तसंच केलं. पुढे काचेच्या नाकात दिशादर्शकाची जागा, त्यामागे वैमानिकाची, आणि पार शेवटी, शेपटीत, तोफवाल्याची काचेची कोठडी. कोठडी आणि धड यांच्यामध्ये त्याने एक पडदी घातली, रंगवली, चिकटवली. पडदीपलीकडची पोकळी, जिथे खऱ्या विमानात मेकॅनिक खालच्या झडपेतून चढून तारा-नळ्या तपासत, ती मात्र त्याने कोरीच ठेवली. माणसांच्या बाहुल्या त्याने कधीच कुठल्या विमानात बसवल्या नव्हत्या. प्लॅस्टिकची माणसं त्याला खोटी वाटत.

या जातीच्या विमानाचं एक दुखणं आहे. त्याला नाकाखाली चाक असतं. खऱ्या विमानाचं नाक आपल्या वजनाने खाली राहतं, मॉडेल मात्र पोकळ, त्यामुळे ते मागे कलंडतं आणि शेपटीवर बसतं. म्हणून धड बंद करण्याआधी नाकात शिसं भरायचं. हे विसरणं म्हणजे मॉडेलवाल्याची सगळ्यात मोठी नाचक्की; क्लबात असं विमान कोणी आणलं की सगळे एका सुरात "कुत्रं बसलं, कुत्रं बसलं" म्हणून ओरडतात. त्यात अठ्ठावीसचं नाक काचेचं, शिसं लपवायला जागाच नाही. लुमीरने मासेमारीचे शिशाचे मणी वैमानिकाच्या आसनाखाली भरले, दोन्ही इंजिनांच्या तोंडात भरले, वर गोंद ओतला. सगळे भाग चिकटपट्टीने जोडून चाकांवर ठेवून पाहिलं, आणि शेपटीवर एक नाणं ठेवलं तरी नाक उचलत नाही अशी खात्री झाल्यावर मगच धड कायमचं बंद केलं.

मग रंग. चंदेरी विमान म्हातारं करणं सगळ्यात अवघड. जरा जास्त झालं की भंगार दिसतं. इंजिनांच्या मागे त्याने जळकट तपकिरी छटा फुंकली, पंखांच्या सांध्यांतून पातळ तेल ओघळवलं. चाकांना खडूची पूड न लावता परसातली खरी काळी माती वाळवली, चहाच्या गाळणीने गाळली आणि बोटाने दाबून बसवली. फोटोत मागच्या झडपेभोवती हातांचे काळे डाग दिसत होते. तिथे त्याचा कुंचला थांबला. झडपेभोवती डाग म्हणजे तिथून कोणी तरी आत चढायचं. ती जागा त्याने कोरी सोडली आणि हट्टाने विमान फळीवर ठेवलं. तिन्ही चाकं टेकली होती.

४

दुसऱ्या दिवशी कॉफी पिऊन तो खोलीत गेला, तेव्हा अठ्ठावीस शेपटीवर बसलेलं होतं. नाक छताकडे.

लुमीर आधी चिडला, मग त्याने विचार केला. गोंद सुकताना आत ओढला गेला असेल, फळी तिरकी असेल. त्याने पाणसळ लावून पाहिली. फळी सरळ होती. त्याने नाक खाली दाबलं, ते राहिलं. दुपारी जेवून आला तर पुन्हा शेपटीवर.

आता हसण्यासारखं काही उरलं नाही. पुढच्या चाकाच्या खोबणीत त्याने आणखी शिसं दाबलं आणि वर काळा रंग मारला. दोन दिवस विमान शहाण्यासारखं उभं राहिलं. तिसऱ्या दिवशी बसलं. स्वयंपाकघरातला काटा आणून त्याने ते तोललं, तर वजन तेवढंच, रतीभरही जास्त नाही. मग आतलं शिसं सुटून मागे घरंगळत असणार, दुसरं काय? तसं असेल तर ते खुळखुळणार. त्याने विमान कानाशी धरलं आणि हळूच हलवलं.

खुळखुळलं नाही. आत काहीतरी घासल्याचा आवाज आला, लाकडी फळीवर लोखंडी पेटी सरकावी तसा, पण फार बारीक. लुमीरने हात थांबवला. आवाज त्यानंतर, जरासा उशिरा, थांबला.

हे त्याला अजिबात आवडलं नाही. विमान त्याने टेबलावर उताणं ठेवलं आणि खिडकी उघडली. बाहेर शेजारचा माणूस गवत कापत होता, ऊन पडलं होतं, सगळं जिथल्या तिथे होतं. आपलं वय झालं, कान वाजतात, असं त्याने स्वतःला समजावलं. मग भिंग घेऊन तो पोटाकडची बाजू तपासू लागला. कोरी सोडलेल्या झडपेच्या कडेला काळपट काहीतरी लागलेलं होतं. आपलाच अंगठा असेल म्हणून त्याने भिंग जवळ नेलं. चार रेघा, शेजारी शेजारी, केसाहून बारीक. कोणी झडपेची कड धरून अंग वर ओढलं की चार बोटं उमटतात, तशा.

त्याने स्पिरिटचा बोळा फिरवला. रेघा गेल्या. संध्याकाळी आल्या तेव्हा त्या आठ होत्या. त्याने बोळा पुन्हा हातात घेतला नाही. खोलीचं दार ओढून घेतलं आणि त्या रात्री दिवा न घालवता झोपला. इतक्या वयाचा माणूस, पण भीती वाटली ती वाटली.

५

क्लबाची वार्षिक स्पर्धा गावच्या सभागृहात भरली. लांब टेबलांवर पांढरी कापडं, कापडांवर विमानं आणि रणगाडे, कोपऱ्यात भाजलेल्या सॉसेजचा आणि मोहरीचा वास. विमान घरात ठेवून येणं लुमीरला जमेना म्हणून त्याने ते आणलं. माणसांच्या गर्दीत, भर दुपारी, ते शहाण्यासारखं वागेल असं त्याला वाटलं. आणि ते वागलं. तिन्ही चाकांवर उभं होतं.

परीक्षक होता एव्झेन कुबेश, निवृत्त दंतवैद्य आणि लुमीरचा जुना मित्र. अजूनही तो दात बघायचा छोटा आरसा आणि पेनाएवढी टॉर्च खिशात बाळगायचा आणि विमानांच्या खिडक्यांतून आत डोकावायचा. जे अंधारात गेलं तेही बघणारा परीक्षक हा एकटाच.

"अरे वा, शेवटी केलंस तर अठ्ठावीस," एव्झेन म्हणाला. "माती कसली लावलीस चाकांना?"

"परसातली."

"कंजूष! खडू परवडत नाही का आता?" तो वाकला. "पण छान जमलंय रे म्हाताऱ्या. तोंडावर आठ्या का? बक्षीस घेतल्यावर तरी हसशील की..."

तो बोलायचा थांबला. विमानाचं पुढचं चाक कापडावरून सुटलं होतं. धाडकन नाही, सावकाश. आतून कोणी पुढून मागे चालत जावं आणि त्याच्या पावलागणिक नाक वर यावं, तसं. मग शेपटी टेबलाला टेकली. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी आनंदाने ओरडलं, "कुत्रं बसलं! झापलेतालचं कुत्रं बसलं!" आणि सगळं सभागृह हसायला लागलं.

एव्झेन हसला नाही. "शिसं घातलं होतंस?"

"मुठीने."

"बघू." एव्झेनने टॉर्च लावली, आरसा शेपटीतल्या काचेशी नेला आणि एक डोळा मिटून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मागे कोणाला बसवलंयस?" त्याने हळूच विचारलं.

"कोणाला नाही. मी बाहुल्या बसवत नाही, माहितीय तुला."

एव्झेनने आरसा त्याच्या हातात दिला.

लुमीर वाकला. आरशात तोफवाल्याचं आसन दिसलं, त्याने स्वतः रंगवलेले पट्टे दिसले, मागे पडदी. पडदीचा खालचा कोपरा सुटला होता. तो कसा सुटेल? तो त्याने स्वतः चिकटवला होता. तिथे काळोख होता, आणि त्या काळोखात बुटांचे दोन तळवे. एकेक तांदळाच्या दाण्याएवढा, चवडे वर, टाचा जवळ. गुडघे पोटाशी घेऊन अडचणीत बसलेल्या माणसाचे दिसावेत तसे. तळव्यांच्या खाचांत काळी माती होती. टॉर्चचा प्रकाश जरा हलला, आणि वाटेत कोणी आल्यावर माणूस पाय आवरून घेतो तसे ते तळवे आत ओढले गेले.

लुमीरच्या हातातून आरसा पडला. सभागृहात अजून हशा चालू होता.

"मी याला गुण देणार नाही," एव्झेन म्हणाला. टॉर्च खिशात घालायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. "घरी घेऊन जा."

"तुला काय दिसलं, एव्झेन?"

"मी दातांचा डॉक्टर आहे. मला काही दिसलं नाही."

६

लुमीर घरी न जाता तडक शहरात ब्लाझेनाकडे गेला. तिसरा मजला, लिफ्ट बंद. मांडीएवढं खोकं छातीशी धरून तो चढला, आणि दर वळणावर खोक्यात काहीतरी सरकून पुन्हा सावरत होतं.

"झालं वाटतं?" ब्लाझेनाने दार उघडलं, त्याचा चेहरा पाहिला आणि खुर्ची पुढे केली.

"ते शेपटीवर बसतंय," लुमीर म्हणाला. बुटांचं त्याला सांगता येईना. "काहीही केलं तरी. मागे वजन आहे. कुठून आलं ते मला कळत नाही, ब्लाझेना, पण मागे वजन आहे."

ब्लाझेना खाली बसली. हात मांडीवर घट्ट धरले. "बिटाच्या शेतात बायका होत्या त्या दिवशी," ती म्हणाली. "त्यातली एक नंतर आईकडे आली होती. मी तिथेच होते. ती म्हणाली, विमान उडालं ते नाक वर करून. वर जात गेलं, जात गेलं, आणि मग बाई, हवेतच शेपटीवर बसलं. अगदी याच शब्दांत."

आयुष्यभर वस्तू तोलणाऱ्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. तरीही त्याने विचारलं, "सामान होतं का बोहूशबरोबर?"

"अवजारांच्या पेट्या होत्या म्हणे. लोखंडी."

"बांधल्या नसतील," लुमीर म्हणाला. "नाक उचलल्यावर मागे सरकल्या असतील. तोही घसरला असेल. मग नाक खाली येत नाही." एवढं बोलून त्याने वर पाहिलं. "तुला ठाऊक होतं. तो आत होता हे तुला ठाऊक होतं!"

"आदल्या रविवारी तो घरी आला होता. तू बाहेर खेळत होतास. बाकावर बसून त्याने सांगितलं आम्हाला. नवा विमानतळ आपल्या घरापासून चालत जाण्याएवढा जवळ. ट्रकने यायचं तर रस्त्यातच सुट्टी संपणार, आणि शेपटीत लपून आलं की रविवार घरी. सगळे मेकॅनिक असंच करतात, म्हणाला. 'लुम्याला सांगू नका. मी गुपचूप येणार आणि बाकावरून पाडणार त्याला.'" तिचा आवाज फुटला. "असं म्हणाला."

"आणि तुम्ही मला... त्याला मी आयुष्यभर शिव्या घातल्या, ब्लाझेना! आईच्या देखत घातल्या. आईने एकदाही थांबवलं नाही मला."

"काय सांगणार होती ती? त्या तीन घरांना सांगायचं की तुमची माणसं आमच्या पोराच्या वजनाने पडली? आई म्हणाली, पळपुटा म्हणू देत. पळपुट्याला लोक शिव्या देतात आणि विसरतात. तळतळाट देत नाहीत. माझ्याकडून शब्द घेतला तिने. तुला सांगायचं तर तुझी जीभ तुला ठाऊकच आहे." ब्लाझेनाने डोळे पुसले. "तोफवाल्याची बायको मागच्या हिवाळ्यात गेली. शेवटची तीच होती. आता ऐकून दुखावणारं कोणी नाही उरलं. पण मी नुसतं सांगितलं असतं तर तू मानलं असतंस? म्हटलं, बांधू दे याला. तोलताना याचं यालाच कळेल. निदान नाकात शिसं घालताना तरी आठवेल."

खोक्यातून आवाज आला नाही. दोघंही मात्र त्याच्याकडेच बघत होती.

"उघडून बघायचं का?" ब्लाझेनाने विचारलं.

"नको," लुमीर म्हणाला. "तू नको बघूस." मग त्याने नाक शिंकरलं आणि म्हणाला, "तुझ्या दगडवाल्याचा फोन नंबर दे."

७

पितरांच्या दिवशी दफनभूमीत गर्दी होती. प्रत्येक दगडापुढे शेवंतीच्या कुंड्या आणि लाल काचेतल्या मेणबत्त्या. आईबाबांच्या नावाखाली नवी ओळ होती, अजून पांढरी, ऊनपावसाने न मळलेली. लुमीरने सवयीने तिच्याकडे पाहिलं आणि मनात म्हणाला, दोन हिवाळ्यांत मुरेल. ब्लाझेनाने अक्षरांवरून हात फिरवला. लुमीरने टोपी काढली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली. रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

बहिणीला बसमध्ये बसवून तो घरी आला तेव्हा दुपार कलली होती. कोट न काढताच तो आधी परसाच्या बाजूच्या खोलीत गेला. अठ्ठावीस फळीवर तिन्ही चाकांवर उभं होतं. त्याने शेपटीवर बोट ठेवून जरा दाबलं. नाक उचललं नाही. विमान उताणं केलं. झडपेच्या कडेला आठ रेघा तशाच होत्या, पण आता त्या बाहेरून आत चढणाऱ्या हाताच्या नव्हत्या. बोटांची टोकं दुसऱ्या बाजूला होती, आतून बाहेर उतरताना उमटावीत तशी. त्याने ते कानाशी नेलं. आत काही नव्हतं, नुसतं पोकळ प्लॅस्टिक.

लुमीरला हायसं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. मग एक विचार आला, वजन काही नाहीसं होत नसतं, ते इकडून तिकडे जातं. असा विचार मॉडेलवाल्यालाच सुचायचा, तो झटकून टाकत तो स्वयंपाकघरात गेला. कॉफी केली, पावाला लोणी लावलं. दिवसभर उभं राहून कंबर धरली होती. डोक्यात दगडावरची अक्षरं होती. दारातून जे जवळ पडलं तिथे, बाकाच्या टोकाला, तो टेकला आणि दोन्ही हातांनी मग धरून एक घोट घेतला.

घोट गिळून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण पडलो नाही.

बाक जागच्या जागी होता. दोन्ही टोकं सपाट, एका रेषेत. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. स्वयंपाकघरात कॉफीचा वास होता आणि त्याच्याखाली दुसरा एक, रॉकेलसारखा, ओल्या मातीसारखा. लुमीर मगातल्या कॉफीकडे बघत राहिला. मान वळवली असती तर दिसलं असतं. त्याने ती वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला फक्त फरशी दिसत होती, आणि फरशीवर, बाकाच्या पलीकडच्या टोकाखाली, बुटाच्या खाचेतून निसटलेली काळी ढेकळं.

त्याने पावाचे दोन तुकडे केले आणि बशी हळूच पलीकडे सरकवली. ती परत सरकून आली नाही.

तेवढ्यात फळी करकरली. पलीकडचा माणूस उठायच्या बेतात असला की ती जशी करकरायची, अगदी तशी. लुमीरने दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली. लहानपणी धरायचा तशीच.

"नको," तो म्हणाला. "इतक्यात उठू नकोस."